घरी येऊन मागितलेली माफी

समितीचं उत्तर आलं तेव्हा रोहिणी बनसोडे नळदुर्गच्या स्टँडमागच्या क्लासमध्ये पोरींना मराठी टायपिंग शिकवत होती. तिनं मोबाईलवर मेल उघडला आणि पहिल्याच ओळीला तिच्या डोक्यात सणक गेली. 'प्रिय रोहिणी, धाडस करून पुढं आल्याबद्दल आम्ही तुझे मनापासून आभारी आहोत.' सुरुवातच आभारानं झाली की पुढं काय वाढून ठेवलंय हे तहसीलच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही कळतं. पुढं तेच होतं. तपासात एकही अपशब्द आढळला नाही. दोन्ही बाजूंनी संयम राखावा. प्रकरण गोपनीय असल्यानं कुठंही वाच्यता करू नये.

"दोन्ही बाजूंनी म्हणं!" ती मोठ्यानं बोलली तशा समोरच्या पोरी की-बोर्डवरचे हात उचलून बसल्या.

भांडण कशाचं, तर येष्टीच्या एका थांब्याचं.

'येष्टी कधी' नावाचं एक ॲप आहे. कुठली गाडी कुठल्या फाट्यावर कधी येणार, हे रेंज नसली तरी दाखवतं. ते कुठल्या कंपनीचं नाही, सरकारचं तर नाहीच. दहा गावच्या हौशी माणसांनी रिकाम्या वेळात फुकट उभं केलेलं. त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला. कुणीही बघावा, कुणीही दुरुस्ती धाडावी. फक्त धाडलेली दुरुस्ती आत घ्यायची का नाही, हे मेंटेनर ठरवणार. मेंटेनर म्हणजे इंद्रजित. गडी परंड्याचा, नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण घरून काम करायची मुभा मिळाल्यापासून पुन्हा परंड्यातच. खोटं कशाला बोला, माणूस कामाचा होता. रोहिणीला निम्मं कोडिंग त्यानंच शिकवलं होतं, तिचं तोंडही न बघता. तिची एकेक चूक धरून, का चुकलं ते समजावून सांगायचा. ती साधी बी.ए. झालेली, बाकीचं मोबाईलवर बघून बघून शिकलेली. त्याच्याविषयी तिला आदर होता. म्हणूनच पुढचं जास्त झोंबलं.

नळदुर्गच्या अलीकडं हायवेला लागून रोहिणीची वस्ती. ॲपमध्ये तिथल्या थांब्याचं नाव होतं 'महारवाडा फाटा'. वस्तीचं नाव बदलून समतानगर झालेलं, तशी पाटी लागलेली, वस्त्यांना चिकटलेली जातीची नावं काढायची असं सरकारनंच ठरवलेलं. रोहिणीनं एका ओळीची दुरुस्ती धाडली. जुनं नाव खोडलं, नवं घातलं. इतकंच.

इंद्रजितनं ती नाकारली. लिहिलं, 'लोक जे म्हणतात तेच ॲपमध्ये राहणार.'

'कुठले लोक? आमच्या वस्तीत कुणी म्हणत नाही.'

'गाडीतले म्हणतात. कंडक्टर म्हणतात. उद्या लोकांनी काय बोलायचं तेही तू ठरवणार का? इथं राजकारण नको.'

'तुझ्या गल्लीत लोक तुझ्या घराला काय म्हणतात ते विचारून येऊ का? तेपण लिहू तुझ्या नावापुढं.'

यावर त्यानं लिहिलं, 'कॉलेजात कोट्यातून जागा मिळते. इथं कोड कोट्यातून आत येत नाही, मेरिट लागतं.'

खाली धडाधड अंगठे पडले. कुणी हसून लोळणारे चेहरे टाकले. रोहिणीला आधी हसूच आलं. कोटा! बारावीला मार्क होते, कोटाही होता, पण पोरीला सोलापूरला ठेवायचं म्हटल्यावर घरच्यांनी चौकटीबाहेर पाऊल पडू दिलं नाही. ज्या कोट्याचं तिनं तोंड बघितलं नाही, त्याच कोट्यावरून चारचौघांत थोबाडीत बसली.

प्रकल्पात 'आचारसंहिता' नावाची एक फाइल होती. कुठल्या परदेशी प्रकल्पाची उचलून, मशीनकडून मराठी करून तिथं आणून टाकलेली. लग्नाच्या पत्रिकेत 'आपला आशीर्वाद हाच आहेर' छापतात ना, तशी. छापणाऱ्यानं वाचलेली नाही, बघणाऱ्यानंही नाही. रोहिणीनं वाचली. जातीवरून हिणवलं तर कारवाई होईल, तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहील. तिचा भरोसा बसला. तिनं तक्रार केली.

समितीत तीन माणसं. एक पुण्याचा, एक बेंगळुरूची बाई, एक जर्मनीत. त्यांनी नाव गुप्त ठेवलं. पण एक वस्ती, एक थांबा, एक भांडण. तक्रार करणारी कोण असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. ग्रुपवर लगेच सुरू झालं. 'आता बोलायचीपण चोरी.' 'उद्या चूक काढली तरी भावना दुखतील.' 'अभिव्यक्तिस्वातंत्र्य जिंदाबाद.' एरवी चुकलेली गाडीची वेळ दुरुस्त करा म्हणून हातापाया पडलं तरी न हलणारी माणसं स्वातंत्र्यासाठी अशी उठून बसली, की जणू निजामाला हाकलायचं राहिलंच होतं.

आणि समितीचं हे उत्तर. अपशब्द आढळला नाही.

तिनं तिथंच, पोरींच्या समोर, उलट टपाली लिहिलं, 'शब्द चाळत बसू नका. वाक्य वाचा. मराठी येत नसेल तर येणाऱ्याला विचारा.' चार दिवस शांतता. मग उत्तर आलं, 'आम्ही संबंधितांशी पुन्हा बोलतो.'

संबंधितानं समितीशी बोलायच्या आधी नळदुर्ग गाठलं.

रविवारी सकाळी दारात बोलेरो थांबली आणि हाळी आली, "आबा! हाय का जित्ता?"

आतून रोहिणीचे वडील आबाराव लुंगी सावरत पळतच बाहेर आले. आवाज महारुद्रचा. महारुद्र ड्रायव्हर आणि आबाराव कंडक्टर, अख्खी नोकरी नळदुर्ग-परंडा गाडीवर. महारुद्रच्या मागून इंद्रजित उतरला, हातात तुळजापूरच्या पेढ्यांचा बॉक्स. तो महारुद्रचा सख्खा पुतण्या. हे रोहिणीला तेव्हाच कळलं.

"वैनी, च्या टाका. साखर बेतानं बरं का, मला शुगर हाय."

"शुगर हाय आन् पेढं घिऊन आलास?" आबाराव म्हणाले.

"ते तुला. तू मर की गोड खाऊन."

दोघं म्हातारे खदाखदा हसले. आबारावांचा चेहरा कसा फुलला होता ते रोहिणी बघत राहिली. ही दोघं डेपोत एका डब्यात जेवलेली, एका फडक्यावर झोपलेली. पण एवढ्या वर्षांत महारुद्र या घराचा उंबरा कधी चढला नव्हता. फाट्यावर गाडी उभी करायचा, तिथूनच रामराम. आज तो आत, पलंगावर, मांडी घालून. रोहिणीची आई सुमनबाई कपाटातले नवे कप काढायला लागली तिथंच रोहिणीला कळलं, की आपली बाजू पडली.

चहा आला. महारुद्रनं विषय काढला. "आबा, पोरापोरांचं कायतरी वाजलंय फोनवर. थांब्याच्या नावावरनं. तू आन् मी गाडीत किती भांडलो, पर डेपो मॅनेजरकडं कवा गेलो का?"

"छ्या."

"मग? तुझ्या पोरीनं वर तक्रार दिलीया. ह्याच्या कंपनीच्या कानावर गेलं तर ह्याची नोकरी गेली म्हन. मी म्हनलं, चल, आबा काय परका न्हाय. आपून दारात जाऊ."

इंद्रजित पुढं सरकला. फोटोतल्यापेक्षा तो बुटका होता आणि घाबरलेलाही होता. "ताई, काय चुकलं-माकलं असंल तर माफ करा."

"काय चुकलं?"

"जे काय असंल ते."

"ते काय, ते सांग की. माझ्या आप्पांच्या समोर म्हणून दाखव, काय लिहिलं होतंस."

इंद्रजितनं कपात बघितलं. महारुद्र मधे पडला, "आता ते उकरून काय करायचं पोरी? दारात आल्याव वैरी बी पाव्हना असतो."

"काका, तुम्ही पाव्हणेच आहात, चहा घ्या. पण ह्यानं जिथं लिहिलं तिथं माफी लिहावी. तिथं सगळ्यांनी वाचलंय."

इंद्रजित खरोखरच गोंधळला. "तिथं दोन ओळी टाकायला मला काय लागतंय, ताई? ते सोपंय. मी परंड्याहून आलो, काकांना घेऊन आलो, तुमच्या घरात बसून चहा घेतला. घरी येण्यापेक्षा मोठं काय असतं?"

खरी पंचाईत ही होती, की तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी त्यानं डोंगर उचलला होता. समतानगरात येऊन, खाली बसून, कप रिकामा करून त्यानं जे दिलं, त्यापुढं दोन ओळी म्हणजे चिल्लर. शिवी हजार माणसांत, माफी पत्र्याच्या खोलीत, आणि वर उपकारही त्याचेच! रोहिणीला हे सगळं एका दमात बोलायचं होतं, पण तोवर आबाराव उठले होते.

"मिटलं," ते म्हणाले. "म्या शब्द देतो. पोरगी तक्रार माघारी घेईल."

"आप्पा, तक्रार माझी हाय."

"घर माझं हाय."

महारुद्रनं मित्राला मिठी मारली. पेढ्याचा बॉक्स फुटला. सुमनबाईनं नंतर कप गोळा केले, त्यातला एक उजेडात धरून बघितला आणि लेकीला म्हणाली, "तळापतुर प्यालं गं पोरगं. तुझा बाप हितंच इरघळला."

संध्याकाळच्या आत इंद्रजितनं समितीला कळवलं, की आम्ही प्रत्यक्ष भेटून प्रकरण सामोपचारानं मिटवलं आहे. समितीचा आनंद गगनात मावेना. 'समुदायानं संवादातून मार्ग काढला, हे फार प्रेरणादायी आहे.' प्रकरण बंद. थांब्याचं नाव? त्याबद्दल त्या मेलमध्ये अक्षर नव्हतं. ॲप उघडलं की समतानगरच्या माणसाला आपली जात वाचूनच गाडीची वाट बघायची होती.

रोहिणीनं मग एकच केलं. जे घडलं ते जसंच्या तसं प्रकल्पाच्या उघड्या चर्चेत लिहून टाकलं. तो काय म्हणाला, समिती काय म्हणाली, बोलेरोतून कोण आलं, पेढे कुठले होते. शेवटी लिहिलं, 'माझी तक्रार मी माघारी घेतलेली नाही. माझ्या वडलांनी घेतली आहे. वडील या प्रकल्पाचे सदस्य नाहीत.'

घंटाभर ती पोस्ट राहिली. मग गायब. त्या जागी समितीची पाटी: गोपनीयतेचा भंग, सदस्याचा नामोल्लेख, खाजगी भेटीचा तपशील उघड करणे. रोहिणी बनसोडे यांना तूर्त लिहिण्यास मनाई.

ज्या आचारसंहितेच्या आधारानं ती उभी राहिली होती, तिच्याच दांडक्यानं तिला हाणलं. आणि एवढ्यावर भागलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी इंद्रजितनं लिहिलं, 'रोहिणीताईंना काढू नका. त्यांचं मत मला पटत नाही, पण त्यांना बोलायचा हक्क आहे. मी बोलण्याच्या स्वातंत्र्याच्या बाजूनं आहे.' खाली बदामांचा पाऊस. 'भाई, मन मोठं लागतं.' 'याला म्हणतात लीडर.' समितीनंही त्याच्या मोठेपणाचं कौतुक केलं आणि नियम तो नियम म्हणून मनाई तशीच ठेवली.

तिचं तोंड बांधलेलं, आणि तिच्या बोलण्याच्या हक्कावर टाळ्या तो खातोय. रोहिणीनं जेवणाचं ताट सरकवलं आणि मोबाईल आबारावांच्या पुढ्यात आपटला.

"वाचा. ज्याच्यासाठी शब्द दिला ते पोरगं काय बोललं होतं, ते एकदा वाचा तरी."

आबारावांनी चष्मा लावला. ओठ हलवत वाचलं. कोट्याच्या ओळीशी ते थांबले आणि तिथंच राहिले.

"महारुद्रनं मला सांगितलं, थांब्याच्या नावावरनं वाजलं."

"थांब्याच्याच नावावरनं वाजलं. पुढचं तुम्ही इचारलं न्हाय."

"थांब्याचं नाव काय," आबाराव म्हणाले, "म्या नोकरीभर त्याच नावानं वरडलो. आपलीच वस्ती आली की जरा हळू वरडायचो. त्याचं मला काय वाटून घ्यायचं हुतं? नोकरी हुती." मग चष्मा काढून त्यांनी लेकीकडं बघितलं. "पर हे कोट्याचं. हे म्या रुजू झालो त्या दिवशी ऐकलंय. निरोपाचा हार घालून घेताना बी ऐकलंय. हे तू तवाच का बोलली न्हाईस?"

"तवा तुमच्या तोंडात पेढा हुता."

सुमनबाई म्हणाली, "रोहिणी!" पण आबाराव चिडले नाहीत. ते मोरीवर जाऊन हात धुऊन आले आणि म्हणाले, "उद्या परंड्याला जायचं."

"कशाला? अजून माफी मागायला?"

"शब्द माघारी आनायला."

दुसऱ्या दिवशी बापलेक येष्टीनं परंड्याला उतरले. किल्ल्याच्या बाजूच्या गल्लीत महारुद्रचं घर. ओट्यावर दोन-चार माणसं पेपर वाचत बसलेली. महारुद्र हसतच उठला, "या या! अगं, आबा आलाय, च्या टाक!"

"आत न्हाय येत," आबाराव रस्त्यावरच उभे राहिले. "हितंच बोलतो. तुझ्या पुतण्याला बोलीव."

इंद्रजित कानातले इअरफोन काढत बाहेर आला. रोहिणीला बघून त्याचा चेहरा उतरला. "काका, आत बसून बोलू ना. गल्लीत तमाशा कशाला?"

"मागं आतच बसून बोललो हुतो. त्याचं काय झालं ते बघितलं." आबारावांचा आवाज चढला नव्हता, तरी पेपरवाल्यांचे पेपर खाली आले. "महारुद्र, म्या तुला दिलेला शब्द माघारी घेतला. तक्रार माझ्या पोरीची हाय, ती तिची ती बघंल. आन् तू रं पोरा, व्हय, म्या कोट्यातनंच लागलो हुतो. ह्या तुझ्या चुलत्याला इचार, माझ्या हातनं कवा एक पाशिंजर फाट्याव राहिला का."

महारुद्र हळूच म्हणाला, "आबा, लोकं बघायलीत."

"बघू दे की. त्यासाठीच बाहेर हुबारलोय."

रोहिणीला वाटलं होतं इंद्रजित भांडेल, निदान शिवी देईल. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि शूटिंग सुरू केलं. शांतपणे, पुरावा गोळा करावा तसं. परतीच्या गाडीत आबाराव खिडकीबाहेर बघत बसले. दोस्ती गेली होती. लेकीनं पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

समितीचा मेल या वेळी झटक्यात आला. आभार नव्हते. 'सदस्याच्या घरी जाऊन, कुटुंबीयांसह, सार्वजनिक ठिकाणी दबाव आणणे हे अत्यंत गंभीर उल्लंघन आहे. आपणास प्रकल्पातून कायमचे वगळण्यात येत आहे.'

रोहिणीनं विचारलं, 'तो माझ्या घरी आला होता, ते काय होतं?'

उत्तर आलं, 'ती भेट दोन्ही बाजूंच्या संमतीनं झालेला संवाद होता, असं आम्हाला कळवण्यात आलं आहे.'

तिनं ते वडलांना वाचून दाखवलं. "संमती कुणी दिली?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही. चहा पाजलात ना."

आबारावांनी मराठीतली एक जुनी, दणदणीत, समितीला चाळून लगेच सापडली असती अशी शिवी हासडली.

आता एकच वाट उरली होती. उघड्या कोडचा एक कायदा आहे, जो कुठल्या समितीला मोडता येत नाही. ज्याला पटत नाही त्यानं सगळ्या कोडची प्रत उचलावी आणि वेगळा संसार मांडावा. कुणाची परवानगी लागत नाही. रोहिणीनं प्रत उचलली. ही काही जिंकण्याची गोष्ट नव्हती, हे तिला कळत होतं. हजारो लोक जुनंच ॲप वापरणार. इंद्रजितसारखं काम करणारा दुसरा माणूस तिच्याकडं नव्हता. गाड्यांच्या वेळा बदलल्या की एकटीनं राबायचं.

"ह्या गाडीला पाशिंजर कोन?" आबारावांनी विचारलं.

"वस्तीतली चार टाळकी. तुम्ही धरून."

तिनं आधी थांब्याचं नाव बदललं. समतानगर. एका ओळीचं काम. मग आचारसंहितेची फाइल उघडली, सगळी निवडली, पुसून टाकली. कोऱ्या पानावर एकच ओळ लिहिली: 'जिथं बोललात तिथंच माफी मागायची.'

आठवड्यात पहिली टिप्पणी आली. कुण्या अनोळखी नावाची. 'दुसऱ्याचा कोड चोरून जातीचं दुकान मांडलंय. तुमचा बाप कंडक्टर होता म्हणून येष्टी तुमच्या बापाची झाली का?'

रोहिणीचं अंग पेटलं. टिप्पणीच्या कडेला पुसायचं बटण होतं. आता मेंटेनर तीच, समिती तीच. एक बोट टेकवलं की ही घाण गेली, कुणाला उत्तर द्यायचं नाही, कुणाला कारण सांगायचं नाही. हे बटण हाताखाली असणं किती सोयीचं असतं, ते तिला पहिल्यांदाच कळलं आणि त्याचाही राग आला.

"काढ की ते," आबाराव मागून वाकून वाचत होते. "बापाव गेलाय भाड्या."

तिनं बोट उचललं. उत्तराच्या चौकटीत टाइप केलं:

'थांब्याचं नाव बदलणार नाही. बाकी तुला काय बरळायचं ते बरळ. पण बरळलेलं इथून हलणार नाही, तुझ्या नावासकट इथंच राहील. माफी मागायची झाली तर घरी येऊ नको. याच्याच खाली लिही.'

आणि पाठवून दिलं.